उद्याचा दिवस कुणाच्या बापाचा?

“असले कल्पनेचे खेळ पोटभर जेवलेल्या बायांनी खेळावेत. आमच्या वस्तीत अजून रेशनकार्डाचे वांधे आहेत.”

एका शिबिरात आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला सगळ्यांदेखत हे सुनावले. माझा गुन्हा एवढाच, की दुपारच्या सत्रात मी बेगम रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही गोष्ट सांगितली आणि मग बायांना विचारले, आजपासून पन्नास वर्षांनी तुमची नात सकाळी उठेल, तर रात्री झोपेपर्यंत तिचा दिवस कसा जाईल? आधी हशा झाला. मग शांतता. मग एकेक उत्तर आले. नवरा पिऊन येणार नाही. सासू टोचून बोलणार नाही. पाण्यासाठी भांडावे लागणार नाही. परसाकडला जायला अंधार पडायची वाट बघावी लागणार नाही. एक जण म्हणाली, “पहाटे तिला कुणी उठवायचं नाही.”

मैत्रिणींनो, ही उत्तरे पुन्हा वाचा. प्रत्येकाच्या शेवटी ‘नाही’ आहे. काय नको ते आपल्याला तोंडपाठ आहे. काय हवे म्हटले की जीभ अडखळते. दोष त्या बायांचा नाही. मोर्चे, निवेदने, धरणी, निषेध सभा यांत आपण वर्षानुवर्षे ‘नाही’चाच पाढा म्हटला, आणि तो म्हणणे भागही होते. पण त्या दुपारी ताईंना मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे देते.

ताईंचे म्हणणे असे, की उद्याचा विचार ही चैन आहे, आधी आजचे बघू. पण आजचा हा दिवस काल कुणीतरी कल्पनेत बघून ठेवलेला असतो, त्याचे काय? सत्तरच्या दशकात गर्भजल तपासणीचे तंत्र आपल्याकडे आले ते गर्भातले दोष शोधण्यासाठी. दवाखानेवाल्यांना त्यात वेगळेच भविष्य दिसले. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती मुंबईच्या लोकलमध्ये लागल्या. ही विज्ञानकथाच होती की! न जन्मलेली मुलगी, तिचे न ठरलेले लग्न, कुणी न मागितलेला हुंडा, सगळे दोन ओळींत रंगवलेले. लोकांनी त्या कथेवर विश्वास ठेवला आणि रांगा लावल्या. आपण ऐंशीच्या दशकात मंच उभा केला, लढलो. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने. तोवर त्यांची दुकाने थाटून दहा-बारा वर्षे झाली होती. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली फक्त ८०७.

बीडचेच पुढचे ऐका. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’. उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दुखण्याने खाडा नको, म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. तिशीही न गाठलेल्या बाया त्यांत होत्या. २०१९ साली हे वर्तमानपत्रांतून गाजले, सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. कारखान्याचा हंगाम मोडू नये म्हणून मजुरांचे अवयव काढले जातात, असे एखाद्या लेखकाने कथेत लिहिले असते, तर आपणच म्हटले असते, बुवा, फारच ताणले.

आणि आता फडात ऊसतोडणीची यंत्रे उतरू लागली आहेत. सरकार त्यांना अनुदान देते. एक यंत्र किती कोयत्यांचे काम करेल, याचा हिशेब कारखानदाराने मांडून ठेवला आहे. यंत्र आल्यावर त्या बाया काय करतील, कुठे राहतील, त्यांच्या दिवसाचे तास कसे असतील, याची कल्पना कुणी केली आहे? आपण तरी केली आहे का? का यंत्र बांधावर येऊन उभे राहिले की मग आपण निवेदन घेऊन तहसीलदाराकडे जाणार?

म्हणून मला रोकेयाबाई आठवतात. १९०५ साली, पंचविशीच्या आसपासच्या वयात, पडद्यात वाढलेल्या या बंगाली मुसलमान बाईने ही गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. इंग्रजी ती घरात भावाकडून शिकलेली. नवरा भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट. तो दौऱ्यावर गेला असताना वेळ घालवायला म्हणून लिहिली, असे तिनेच सांगून ठेवले आहे. (बायकांचे सगळे मोठे काम असेच ‘वेळ घालवायला’ झालेले असते!)

गोष्टीतल्या देशात पुरुष घरात, मर्दान्यात असतात. मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात. कारभार बायकांकडे. पण माझ्या मते खरी मेख या उलटापालटीत नाही. मेख आहे ती तिथल्या दोन विद्यापीठांत. एका विद्यापीठातल्या बाया ढगांतून थेट पाणी ओढून घ्यायची युक्ती काढतात, दुसऱ्यातल्या सूर्याची उष्णता साठवायची. पुरुष तेव्हा सैन्य वाढवण्यात दंग. ते या शोधांची टिंगल करतात. पुढे शत्रू चालून येतो, सैन्य हरते. तेव्हा त्या विद्यापीठाची प्रमुख बाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन निघते आणि साठवलेली उष्णता शत्रूवर सोडते. लढाई संपते. पण ते ऊन नंतर जाते कुठे? चुलीवर! स्वयंपाकघरात धूर नाही, काजळी नाही. आणि कामाचे तास दिवसाला दोन. पुरुषांना सात तास का लागायचे, तर त्यातले सहा चिरूट ओढण्यात जायचे, असा टोला बाईंनी हाणला आहे.

ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे डोळे चोळले आहेत, तिला विज्ञान दिले तर ती पहिला शोध कशाचा लावेल, हे रोकेयाला कळले होते. बंदुकीच्या आधी पाणी आणि चूल. सौरचुलीचे प्रचारक आपल्या वस्त्यांत यायच्या कितीतरी आधी हे लिहून झाले होते. त्या देशात एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न करायला बंदी आहे. हे १९०५ साली! आपल्याकडे १९२९ साली शारदा कायदा झाला तेव्हा मुलीचे वय १४ ठरले. अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. (एकवीस करण्याचे २०२१ सालचे विधेयक २०२४ साली बारगळले. आपल्यातल्या बऱ्याच गटांचा त्याला विरोध होता. माझाही होता, पण तो वेगळा विषय.)

आता ताई, रेशनकार्डाबद्दल. ही रोकेया स्वप्न बघत बसून राहिली का? १९०९ साली नवरा वारला, तेव्हा तिने मुलींची शाळा काढली. पुढे १९११ साली कलकत्त्यात आठ मुली घेऊन पुन्हा सुरू केली. घरोघर जाऊन मुली मागितल्या. पालकांना पडदा हवा, म्हणून शाळेची बससुद्धा पुरती झाकून घ्यावी लागली. त्या कोंदट बसमध्ये मुलींना भोवळ यायची, उलट्या व्हायच्या. झाकण थोडे सैल केले तर धमकीची पत्रे. ज्या बाईने कथेत हवेत उडणारी गाडी चालवली, तिला प्रत्यक्षात ही बंद पेटीसारखी बस चालवावी लागली. तिने दोन्ही केले. मला तर वाटते, डोळ्यासमोर ती हवेतली गाडी होती म्हणूनच तिला ती बस सोसली.

आपल्या मराठीतही असे स्वप्न बघून झाले आहे. काशीबाई कानिटकर आपल्याला माहीत आहेत त्या आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिणाऱ्या म्हणून. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही १९२८ सालची कादंबरी किती जणींनी वाचली आहे? एक संस्थान बाईच्या हाती येते आणि तिथला कारभार बायकांच्या बाजूने नव्याने लावला जातो, अशी ती कथा. काशीबाईंनी तेव्हा मांडलेला डाव आपण पुढे नेला नाही, उलट विसरून गेलो.

त्यानंतर मराठीत विज्ञानकथा बहरली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली, कारण खरे नाव बघून परीक्षक दबू नयेत. तिकडे अमेरिकेत त्याच काळात अ‍ॅलिस शेल्डन नावाची बाई जेम्स टिपट्री या पुरुषी नावाने विज्ञानकथा लिहीत होती, आणि हे लिखाण बाईचे असणे शक्यच नाही, असे तिथला एक नामवंत लेखक छातीठोकपणे लिहीत होता. दोघांनी नाव लपवले, कारणे मात्र बघा किती उलटी! आपल्याकडच्या पुष्कळ विज्ञानकथा मी आवडीने वाचल्या आहेत. पण त्यांत यान दुसऱ्या ग्रहावर पोचते, यंत्रमानव बोलू लागतो, आणि शास्त्रज्ञ घरी आला की चहा बायकोच आणते. प्रकाशाचा वेग ओलांडता येतो, स्वयंपाकघराचा उंबरठा नाही.

भयकथाही आहेत, आणि त्यांचे मोल मी कमी करत नाही. मार्गारेट अ‍ॅटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ १९८५ सालची. इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काहीही त्यात घालायचे नाही, असे पथ्य त्यांनी पाळले होते. पुढे २०१७ साली टेक्सासात आणि २०१८ साली अर्जेंटिनात गर्भपाताच्या हक्कासाठी बाया त्याच कथेतले लाल झगे घालून रस्त्यावर उतरल्या. न बोलता लोकांना सगळे कळले. तरीही मला भीती वाटते, की नुसत्या भयकथांवर आपण पोसलो तर पुन्हा त्या ‘नाही’च्याच पाढ्यावर येऊ.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानते. त्याच शिबिरात एका दलित मैत्रिणीने विचारले, “तुमच्या त्या बायांच्या देशात गटारं कोण काढतं?” रोकेयाच्या कथेत रस्ते बागेसारखे स्वच्छ आहेत, पण ते झाडते कोण, हे मला सापडले नाही. डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या बायकोला धूर दिसला, मैला दिसला नाही. माझ्यासारख्यांच्या स्वप्नांतही अशाच फटी राहणार. म्हणून तर ते एकटीदुकटीने, एका जातीच्या, एका वर्गाच्या बायांनी बघून चालणार नाही. आणि पोटभर जेवलेल्यांचा खेळ म्हणाल, तर दुःख नसलेल्या, कुणी उच्च-नीच नसलेल्या ‘बेगमपुरा’ शहराची कल्पना पाचेकशे वर्षांपूर्वी चामड्याचे काम करणाऱ्या संत रविदासांनी केली होती.

यंदा दसऱ्याच्या आधी, टोळ्या गाव सोडून निघण्यापूर्वी, आम्ही ऊसतोड बायांबरोबर एक दिवस काढायचा ठरवला आहे. विषय एवढाच: फडात उतरणारे ते यंत्र कारखान्याचे नसून तुमच्या गटाचे असते, तर हंगामातला तुमचा एक दिवस कसा गेला असता? सकाळी किती वाजता उठला असता? पोरे कुठे असती? दुपारी काय केले असते? उत्तरात ‘नाही’ हा शब्द वापरायचा नाही, अशी अट घातली आहे. गटारांचा प्रश्न विचारणारी मैत्रीण सत्र घेणार आहे. ताईंनाही बोलावणे गेले आहे. त्या म्हणाल्या, “येते. पण रेशनकार्डाचे अर्ज घेऊन येईन, मधल्या सुटीत भरून घेऊ.”

या म्हटले.