मुंबईत वीज येते किती वाटांनी?

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर यावे लागले, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. या पट्ट्याबाहेर वीज होती. ती शहरात आणणाऱ्या वाहिन्या पाठोपाठ ट्रिप झाल्या आणि पडघा, कळवा, खारघर ही एरवी कुणाच्या तोंडी नसलेली उपकेंद्रांची नावे दिवसभर बातम्यांत राहिली.

शहरात विजेच्या किती वाहिन्या येतात, हे अशा वेळी आवर्जून सांगितले जाते. जाळ्यांचे गणित मात्र वेगळाच आकडा विचारते: त्यांतल्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा किती?

ऑस्ट्रियन गणिती कार्ल मेंगर यांनी १९२७ मध्ये एक प्रमेय मांडले. जाळ्यातले दोन बिंदू थेट जोडलेले नसतील, तर त्यांची ताटातूट करण्यासाठी मधले कमीत कमी जितके बिंदू काढावे लागतात, नेमक्या तितक्याच परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र वाटा त्यांच्यात असतात. शंभर तारा ओढल्या आणि त्या सगळ्या दोनच उपकेंद्रांतून गेल्या, तर स्वतंत्र वाटा दोनच.

विजेच्या बाबतीत हे दुखणे आणखी वाढते. प्रवासी रस्ता निवडतो. वीज निवडत नाही. उपलब्ध सगळ्या वाटांवर ती त्या त्या वाटेच्या अवरोधानुसार विभागली जाते. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार त्याच क्षणी शेजारच्या वाहिन्यांवर येतो, त्यांना झेपो वा न झेपो.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची ग्रिड कोसळली, ती अशीच. मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही मार्गाचे एक सर्किट क्षमतावाढीच्या कामासाठी बंद ठेवले होते. उरलेल्या सर्किटवरचा भार इतका वाढला की रक्षण करणाऱ्या रिलेने त्यालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. तारेत दोष काहीच नव्हता! दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी तशीच ट्रिप झाली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशा तीन ग्रिड एकत्र आडव्या झाल्या. ज्या भागात ६० कोटींहून अधिक लोक राहतात, तो सगळा अंधारात गेला. पश्चिमेची ग्रिड तगली, म्हणून महाराष्ट्र वाचला.

एक घटक गेला तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे, हा पारेषणाच्या नियोजनातला मूलभूत नियम. पण देखभालीसाठी शटडाउन घेतले की ती एकाची सवलत तिथेच खर्च होते. नकाशावर दोन वाटा दिसतात, प्रत्यक्षात त्या दिवशी एकच असते.

मुंबईला भूगोलही साथ देत नाही. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, आणि मनोरे उभारायला जागा नाही. म्हणून शहराचा भाग राज्याच्या ग्रिडपासून अलग करून स्थानिक निर्मितीवर चालवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था आखलेली होती. २०२० मध्ये तीही तगली नाही. त्यानंतर खारघर–विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये पूर्ण झाली. हे काम फार आधी व्हायला हवे होते आणि त्याचे स्वागतच आहे. तरीही मेंगरचा प्रश्न उरतोच: २०२० च्या घटनाक्रमात ज्याचे नाव आले, त्याच खारघरहून ती निघते. वाहिनी वाढली, पण खारघरच अडले, तर तिचा उपयोग किती?

म्हणून मेगावॅट आणि किलोमीटर यांच्या घोषणा पुरेशा नाहीत. मुंबईच्या वेशीवर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वाटा किती, सर्वांत मोठे उपकेंद्र बंद पडले तर शहरात किती वीज पोहोचेल आणि एखादी वाहिनी आधीच शटडाउनवर असताना हा आकडा किती खाली येतो, हे राज्याच्या महापारेषण कंपनीने दरवर्षी साध्या मराठीत जाहीर करावे. पारेषणाचा खर्च ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या सुनावण्या जाहीर असतात आणि तिथे कोणत्याही ग्राहकाला सूचना-हरकती नोंदवता येतात. पुढच्या सुनावणीत दराच्या आकड्यांइतक्याच आग्रहाने हे तीन आकडेही मागितले जावेत.