घरदुरुस्ती, नगरपालिका आणि कागदावरचा कायदा

दिवाळी उरकली की महाराष्ट्रातील लहान शहरांतून घरांच्या दारांपुढे वाळूचे व विटांचे ढीग दिसू लागतात. पुढच्या पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून स्लॅब टाकावयाचा असतो, मुलाचे लग्न ठरल्यामुळे माडीवर एक खोली चढवावयाची असते, परसातला संडास घरात आणावयाचा असतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, पतपेढीचे कर्ज आणि घरातले चार दागिने यांच्या बळावर हे काम उभे राहते. त्याला नगरपालिकेची परवानगी लागते किंवा कसे, लागत असल्यास ती कोण देतो व किती दिवसांत देतो, याचे निश्चित उत्तर ठाऊक असलेला घरमालक मात्र विरळा. बहुतेक जण गवंड्याला विचारतात. गवंडी सांगतो, ‘आधी बांधून घ्या, मग बघू.’ या सल्ल्याला लहान शहरांतून जवळजवळ कायद्याचीच प्रतिष्ठा लाभली आहे.

आजवर हा सल्ला फारसा महागात पडत नसे. आता तो पडण्याची चिन्हे आहेत. मीरत येथील निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी जो निकाल दिला, त्यात बेकायदा बांधकाम केवळ जुने झाले म्हणून कायदेशीर ठरत नाही, असे बजावले आहे. पूर्णत्वाचा अथवा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावाचून इमारतीस वीज, पाणी व मलनिस्सारणाची जोडणी देऊ नये आणि बँकांनीही तो दाखला तपासूनच कर्ज द्यावे, असे व्यापक निर्देश त्याच निकालात आहेत. न्यायालयाचा रोख बिल्डरांवर व त्यांना पाठीशी घालणाऱ्या अधिकाऱ्यांवर होता, यात शंका नाही. परंतु निर्देश सर्वांना सारखेच लागू होतात. भोगवटा प्रमाणपत्र हे शब्ददेखील ज्यांनी ऐकलेले नाहीत, अशी कुटुंबे तालुक्याच्या गावी काही थोडीथोडकी नाहीत.

तेव्हा मुळात कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. बांधकामापूर्वी नगरपालिकेस नोटीस देण्याचा प्रघात ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेला आहे. आजची व्यवस्था दोन अधिनियमांवर उभी आहे : १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दुसऱ्याच्या ४३ व्या कलमान्वये नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीवाचून कोणताही ‘विकास’ करता येत नाही. विनापरवाना बांधकामाबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ५२ व्या कलमात आहे. येथवरचा भाग लोकांना ऐकून माहीत असतो, कारण धाक घालावयाचा झाला म्हणजे हाच भाग वाचून दाखविला जातो.

त्याच ४३ व्या कलमाला जोडलेले परंतुक मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवितो. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा अन्य फेरफार जर केवळ आतील भागापुरते असतील, अथवा त्यांमुळे इमारतीच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा बदल होत नसेल, तर अशा कामास परवानगीची गरज नाही, असे हे परंतुक स्पष्टपणे सांगते. फरशी बदलणे, गिलावा करणे, रंग देणे, फुटकी कौले बदलून नवी घालणे, स्वयंपाकघरातील ओटा हलविणे ही कामे या सवलतीत येतात. घरदुरुस्तीच्या नावाखाली वर्षभर जी कामे चालतात, त्यांचा मोठा हिस्सा असल्याच कामांचा असतो. असे असता एखाद्या मास्तरांच्या दारात वाळू पडली की कोणीतरी येऊन ‘परवानगी घेतली आहे का?’ असे विचारतो आणि मास्तर गडबडून जातात. ज्या कामाला परवानगी लागतच नाही त्या कामासाठी मिटवामिटवी होते. हा व्यवहार अज्ञानावर चालतो, आणि ज्याच्यावर चालतो त्याचेच अज्ञान दूर करण्याची नगरपालिकेला घाई नसावी, हे समजण्यासारखे आहे. क्षम्य मात्र नाही.

स्लॅब, माडी, जिना, वाढीव खोली ही कामे अर्थातच या सवलतीबाहेरची. तेथे अर्ज करावाच लागतो, आणि अर्ज करावयास निघालेला प्रामाणिक माणूस पहिल्याच पायरीवर अडखळतो. ती पायरी बांधकामाची नसून मालकीची असते. अर्जासोबत मालमत्तापत्रक किंवा सातबाराचा उतारा, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, परवानाधारक अभियंत्याने अथवा वास्तुविशारदाने काढलेले नकाशे आणि कर थकलेला नसल्याचा दाखला लागतो. जुन्या पेठेतील घराच्या मालमत्तापत्रकावर आजोबांचे नाव असते. आजोबा जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात. वारसांची नोंद करावयाची तर तिघा काकांच्या मुलांची आणि लग्न होऊन दूर गेलेल्या आत्यांची संमती हवी. आत्यांच्या पश्चात त्यांची मुले वारस ठरतात, आणि त्यांतील एखादा गाव सोडून कोठे गेला याचा पत्ताच नसतो. मधल्या काळात तोंडी वाटणी होऊन एकाने पुढचा सोपा घेतला, दुसऱ्याने मागचे माजघर घेतले, मध्ये एक पडदी घातली गेली. सर्वांना मान्य असलेली ही वाटणी सरकारी दप्तरात मात्र झालेलीच नसते. हाती असते ती कराची पावती व असेसमेंटचा उतारा, आणि कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, असे खिडकीवरचा कारकून सांगतो. त्याचे म्हणणे चूक नाही. पण ज्या घराचा कर नगरपालिका पन्नास वर्षे बिनतक्रार घेते, त्या घराच्या भिंतीला हात लावावयाचा प्रश्न आला की मालक कोण हे तिला ठाऊक नसते, ही विसंगती सामान्य माणसाला बोचल्याखेरीज राहत नाही.

मालकी जुळली तरी जागा जुळावयास हवी. नियमांत सामासिक अंतरे सोडावयास सांगितली आहेत. जुन्या पेठांतील घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि मधली भिंत दोघांची सामाईक असते. दाट वस्तीसाठी नियमांत सवलती आहेत, हे खरे. तथापि विकास योजनेतील रुंद रस्त्याची रेषा ओटीवरून गेलेली असली, तर त्या सवलतींचाही फारसा उपयोग होत नाही. रस्ता काही रुंद होत नाही, पैसाही मिळत नाही, आणि घर पडावयास आले तरी नवे बांधावयाचे ते ओटी सोडून. आरक्षणाची जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाही तर मालकाला १२७ व्या कलमाखाली नोटीस देऊन ती सोडवून घेता येते. पण त्या नोटिशीनंतरही प्राधिकरणाला चोवीस महिन्यांची मुदत आहे, आणि वकिलाचा खर्च ओटीच्या किमतीला भिडतो.

आता खिडकीच्या पलीकडची बाजू. नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग आहेत : एक लाखावर ‘अ’, चाळीस हजारांवर ‘ब’, आणि त्याखाली ‘क’. त्यांच्याही खाली नगरपंचायती. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगररचना व बांधकाम नियंत्रण हे विषय पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत. कागदावर हा मोठा सन्मान आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना २०१४-१५ च्या सुमारास नगरपंचायतीचा दर्जा मिळाला, तेव्हा पाट्या एका दिवसात बदलल्या. अभियंते, आरेखक, सर्वेक्षक काही एका दिवसात आले नाहीत. जो अभियंता गटाराची अंदाजपत्रके करतो, तोच पाणीपुरवठ्याची गळती पाहतो, तोच निवडणुकीच्या कामाला जुंपला जातो आणि उरल्या वेळात नकाशे तपासतो. त्याच्या टेबलावर साठ नकाशे पडून असले तर ते सर्वस्वी लाचेच्या अपेक्षेने पडले आहेत, असे समजणे अन्यायाचे होईल. लाचेला जागा मिळते ती मात्र याच ढिगाऱ्यात.

विलंबावर कायद्याने उपाय योजलेला आहे. ४५ व्या कलमानुसार अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. वाचताना ही तरतूद दिलासा देते. पण तिच्याच पुढे अट आहे, की अशा मानीव परवानगीने केलेले बांधकाम नियमांशी विसंगत आढळल्यास ते बेकायदाच समजले जाईल. सुसंगत की विसंगत हे ठरविणार तेच कार्यालय, जे साठ दिवस गप्प बसले. साहजिकच शहाणा माणूस या तरतुदीच्या भरवशावर स्लॅब ओतीत नाही. परवानगी नाकारली गेली तर चाळीस दिवसांत अपील आहे, तेही राज्य शासनाकडे किंवा उपसचिवाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे. न्हाणीघराच्या भिंतीसाठी उपसचिवापर्यंत जाणारा नागरिक अद्याप जन्मावयाचा आहे!

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. गावोगावच्या निरनिराळ्या नियमांचा गुंता तिने पुष्कळसा सोडविला. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर तज्ज्ञाने केलेले नकाशे व शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजावी, आणि तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यावी, हे तिचे धोरण खरोखरच स्वागतार्ह आहे. लहान घर म्हणजे लहान धोका, हे तत्त्व शासनाने प्रथमच इतक्या उघडपणे मान्य केले. परंतु हा लाभ ज्याची कागदपत्रे स्वच्छ आहेत त्यालाच होतो. वस्तीबाहेरच्या मंजूर रेखांकनात भूखंड घेतलेल्याला पावतीवर घर बांधता येते. त्याच गावच्या जुन्या पेठेत शंभर चौरस मीटरवर तीन पिढ्या राहिलेला माणूस आजोबांच्या नावापाशीच अडकून पडतो.

मग परवानगीची ही यातायात हवीच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला महाडने उत्तर दिले आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मृत्युमुखी पडली. इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. महाड ही नगरपरिषदच; महानगर नव्हे. बिल्डर, वास्तुविशारद व बांधकाम सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या अभियंत्यावर आणि मुख्याधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्यात आला. लहान गावात आता पाच मजले उठतात आणि त्यांच्या खाली माणसे सापडतात, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना कळली. म्हणून तपासणी हवी, आणि ती कठोर हवी. प्रश्न आहे तो ती कशाची व्हावयाची हा. सध्या बहुतेक सारी शक्ती कागद तपासण्यात खर्च होते. खांबातील सळई किती जाडीची, काँक्रीटवर पाणी किती दिवस मारले, जुन्या मातीच्या भिंतीवर नवा स्लॅब टेकविला आहे काय, हे पाहावयास साइटवर जाणारा माणूस अभावानेच आढळतो. घरमालकाच्या आत्याची सही नसणे हा दोष नियमांत बसतो. मातीच्या भिंतीवरचा स्लॅब हा दोष मात्र भिंत खचल्यावर उघडकीस येतो.

या व्यवस्थेला दर काही वर्षांनी माफीचा आधार दिला जातो. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने त्या वर्षारंभापर्यंतची बेकायदा तुकडेवारी नियमित करण्याची वाट दाखविली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात कलम ५२-अ घालून २०१५ अखेरच्या बांधकामांना तडजोड शुल्कावर अभय देण्यात आले. हजारो कुटुंबांना रस्त्यावर आणणे शक्य नसते, आणि माफीचा मार्ग माणुसकीचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण प्रत्येक माफीबरोबर ‘आधी बांधून घ्या’ म्हणणारा गवंडी खरा ठरतो, आणि नकाशा काढून, शुल्क भरून, सहा महिने थांबून खोली बांधणारा शेजारी मूर्ख ठरतो. नोकरदार माणूस बँकेच्या कर्जासाठी मंजूर नकाशा आणतो. रोखीने बांधणाऱ्याला तो लागत नाही. त्यामुळे कायदा पाळण्याचा भार मुख्यतः पगारावर जगणाऱ्या वर्गाने उचलावा, अशी एक अलिखित विभागणी होऊन बसली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे ही विभागणी टिकणे आता कठीण आहे. ते कसोशीने अमलात आणावयाचे तर लहान शहरांतील निम्मीअधिक घरे संशयाच्या छायेत येतील. आणले नाहीत तर ते निवडक लोकांविरुद्ध, गटातटाच्या राजकारणात वापरले जातील. दुसरी शक्यता अधिक. नगरसेवकाशी बिनसलेल्या माणसाच्या घरालाच नियम लागू होतात, हा अनुभव लहान गावांना नवा नाही. पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस व सुनावणी दिलीच पाहिजे, असे १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने ठरविले आहे, हे त्यातल्या त्यात संरक्षण.

नगरपालिकांना आज, कोणताही नवा कायदा न करता, पुष्कळ करता येण्यासारखे आहे. परवानगी न लागणाऱ्या कामांची यादी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावता येईल. अर्जातील त्रुटी एकदाच व लेखी कळविण्याचा दंडक घालता येईल. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचा आधार त्याला आहे. लहान घरांचे आठ-दहा नमुना नकाशे तयार ठेवता येतील, म्हणजे एका खोलीसाठी वास्तुविशारदाच्या शुल्काचा बोजा पडणार नाही. शेजारच्या दोन-तीन नगरपंचायतींनी मिळून एक अभियंता केवळ स्थळपाहणीसाठी नेमावा, हेही अशक्य नाही. मालकीच्या गुंत्याला मात्र भूमी अभिलेख खात्यानेच हात घालावयास हवा. खेड्यांतील गावठाणांची मोजणी ड्रोनने करून मालमत्तापत्रके देण्याचे काम २०२० पासून स्वामित्व योजनेखाली सुरू झाले. ती योजना ग्रामीण भागापुरती असल्याने, नगरपंचायत झालेली तालुक्याची गावे तिच्या कक्षेबाहेर राहिली. शहरांसाठी ‘नक्शा’ नावाचा प्रायोगिक कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशातील १५२ नागरी संस्थांत सुरू करण्यात आला. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपंचायतींची नावे त्या यादीत नाहीत.