डोळ्यांचा दाखला

आमच्या अण्णांना पेन्शन मिळते. आपण अजून जिवंत आहोत, हे त्यांना दर नोव्हेंबरात सरकारला सप्रमाण कळवावं लागतं. मला दिसतं की नाही, हे मात्र सरकारने २०२२ साली एकदा विचारलं. आता एकदम २०३२ साली विचारणार. मधली दहा वर्षं दिघ्याच्या रस्त्यांवर स्कूटर हाकायला मी मोकळा!

तेव्हा मी ४९ वर्षांचा होतो. चाळिशी उलटलेल्याला परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा त्यात प्रश्न आहे. प्रश्न उत्तम. पण ज्या डॉक्टरांकडे मी गेलो, त्यांचा दवाखाना दहा बाय बारा फुटांचा. २५ मीटर मोजायचे तर भिंत फोडून शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरावं लागलं असतं. त्यांनी तो खटाटोप केला नाही. "चष्मा नवा दिसतोय," म्हणाले आणि शिक्का हाणला.

गेल्या पावसाळ्यात दिघा गाव स्टेशनकडे निघालो होतो. डावीकडच्या गल्लीतून चेंडूमागे एक पोरगं आलं, ते मला थेट चाकापुढेच दिसलं. ब्रेक लागला, एवढंच. पोरगं चेंडू घेऊन चालतं झालं. माझे पाय तासभर लटपटत होते.

डोळे दाखवले, तर काचबिंदू! मोठा साळसूद आजार. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शाबूत ठेवून कडेचं कुरतडत जातो. नंबरप्लेट मी आजही खडाखडा वाचीन. पण पोरं काय नंबरप्लेट लावून समोरून येतात?

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "थेंब चुकवू नका. गाडी जपून." संपलं! पुढे कुणाला कळवायचं बंधन त्यांच्यावर नाही. आजारामुळे चालक अपात्र वाटला तर परवाना रद्द करायचा अधिकार १९८८च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पण कचेरीला तसं वाटावं कसं? स्वप्नात? ब्रिटनमध्ये असलं दुखणं चालकाने स्वतः कळवायचं, नाहीतर हजार पौंडांपर्यंत दंड. मी कळवलं असतं का? खरं सांगतो, नसतं. आणि डॉक्टरांना चुगली करायला लावलीत, तर लोक डोळे दाखवायलाच जाणार नाहीत.

म्हणून म्हणतो, पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दाखला मागा. तोही डोळ्यांच्याच डॉक्टरचा, समोरचं आणि कडेचं दोन्ही तपासून दिलेला. रिक्षा-टेंपोवाल्यांचं पोट गाडीवर असतं, त्यांची तपासणी फुकट करा. लोक कुरकुरतील. अण्णाही कुरकुरतात, पण जातात ना दर नोव्हेंबरात?

आमच्या हिने नियमाची वाट पाहिली नाही. स्कूटरची किल्ली कुठल्याशा डाळीच्या डब्यात दडवली आहे. मी शोधतो आहे. काल तूरडाळीपर्यंत पोचलो होतो.