हुतात्मे केवळ गुणांपुरतेच?

प्रतिवर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकावर पुष्पे वाहिली जातात. मात्र वर्गात त्या हुतात्म्यांचे स्थान कोणते? एखाद्या टीपेचे, रिकाम्या जागेचे, एक-दोन गुणांचे! ज्या शिक्षणाला बलिदानाचे मोल गुणांतच मोजता येते, त्याला राष्ट्रीय शिक्षण म्हणावे काय?

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत देशाचे अग्रणी नेते गजाआड झाले. आदेश देणारे उरले नव्हते. तरीही बरोबर एका महिन्याने तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखली जाताच तो पुढे सरसावला, असे सांगितले जाते. पोलिसांच्या गोळीबारात त्याच्यासह लालदास, धनसुखलाल, शशिधर केतकर आणि घनश्यामदास धारातीर्थी पडले. कोणाच्या घरी गुजराती बोलली जात होती, कोणाच्या घरी मराठी. रक्त मात्र एकाच मातृभूमीसाठी सांडले. भाषेच्या नावाने भिंती उभारणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

‘मुलांना असले धडे दिले तर ती माथेफिरू होतील’, असा युक्तिवाद काही विद्वान करतात. तो पोकळ आहे. अविचारी धाडस आणि समाजहितासाठी पत्करलेला धोका यांतील भेद शिकवला नाही, तरच मुले वाट चुकतात. धोका कोणासाठी? त्यात स्वतःचा लाभ किती? झळ स्वतः सोसायची की दुसऱ्यावर ढकलायची? हे तीन प्रश्न शिक्षकाने वर्गात विचारावेत. वेगाच्या नशेत दुचाकी उधळणारा तरुण तिन्ही कसोट्यांवर नापास होतो. शिरीषकुमार उत्तीर्ण होतो.

खरा दोष केवळ पाठ्यपुस्तकाचाही नाही. ‘आपण कशाला मध्ये पडायचे?’ हा मंत्र मुलाला शाळा नव्हे, सुशिक्षित घर देते. हुतात्मा शेजारच्या घरात जन्मावा आणि आपल्या घरात केवळ अभियंता, ही मध्यमवर्गीय वृत्ती राष्ट्राला आतून पोखरते. आज कोणी प्राण मागत नाही. पुरात दोर धरणे, अपघातग्रस्ताला उचलणे, लाच मागणाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवणे, एवढेच समाज मागतो. तेवढेही देण्याचे संस्कार घरी होणार नसतील, तर स्मारकावरील पुष्पे हे निव्वळ कर्मकांडच ठरेल!