विश्लेषण : बाळ मृत का जन्मले? कारणाचा शोध अडतो कुठे?

बाळ मृत जन्मले की कुटुंबाला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते : ‘पोटातच ठोके थांबले होते.’ पण ठोके थांबणे ही घटना झाली, कारण नव्हे. कारण शोधणाऱ्या तपासण्या आहेत आणि त्यातल्या अनेक साध्या आहेत. मात्र त्यांची सुरुवात प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत व्हावी लागते आणि नेमके तेच तास हातचे जातात.

मृतजन्म म्हणजे काय? प्रमाण किती?

गर्भधारणेचे २८ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेल्या बाळात जिवंतपणाचे कोणतेही लक्षण नसेल, तर आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी त्याची गणना मृतजन्मात होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख मृतजन्म झाले. त्यातले सुमारे ३ लाख ४० हजार एकट्या भारतात झाले. कोणत्याही देशापेक्षा ही संख्या अधिक होती. जगातले ४० टक्क्यांहून अधिक मृतजन्म प्रसूतिकळा सुरू झाल्यानंतर होतात, म्हणजे वेळेवर उपचार मिळाल्यास त्यातले बरेचसे टळू शकतात. भारताने २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृतजन्माचा दर हजारी १० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

कारण शोधतात कसे?

उत्तर तीन ठिकाणी शोधावे लागते : वार, बाळ आणि आई.

पहिली वार. तिचे वजन, रक्ताच्या गाठी, नाळेची गाठ किंवा पीळ हे डोळ्यांनी पाहता येते. मग ती फॉर्मेलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. रक्तपुरवठा कमी पडला होता का, जंतुसंसर्ग होता का, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

दुसरे बाळ. वजन, लांबी, डोक्याचा घेर, बाह्य व्यंग आणि छायाचित्रे यांची नोंद करायला खर्च जवळपास नाही. त्वचा सुटू लागली असेल, तर मृत्यू प्रसूतीच्या बराच आधी झाला असावा. त्वचा शाबूत असेल, तर तो कळांच्या काळात झाल्याची शक्यता वाढते. पालकांची संमती असेल तर शवविच्छेदन आणि जनुकीय तपासणी करतात.

तिसरी आई. रक्तदाब, ताप, रक्तस्राव, बाळाची हालचाल कधी मंदावली याचा तपशील आणि त्यासोबत रक्ततपासण्या. रक्तगट व अँटिबॉडी, थायरॉइड, सिफिलिस, रक्तात गाठी होण्याची प्रवृत्ती दाखवणारी अँटिफॉस्फोलिपिड तपासणी, तसेच बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळले का, हे पाहणारी तपासणी यात येते. गरोदरपणातला मधुमेह प्रसूतीनंतर अनेकदा ओसरतो. म्हणून त्या वेळच्या साखरेपेक्षा मागच्या काही महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी उपयोगी ठरते.

कोणती तपासणी अधिक उपयोगी?

अमेरिकेतल्या ५१२ मृतजन्मांच्या अभ्यासात वारेची तपासणी सुमारे ६५ टक्के प्रकरणांत उपयोगी ठरली. शवविच्छेदनाचे प्रमाण ४२ टक्के, तर जनुकीय तपासणीचे सुमारे १२ टक्के होते. सगळे केल्यानंतरही सुमारे चौथ्या हिश्श्यात कारण कळले नाही. म्हणजे शोधाची हमी देता येत नाही, पण सुरुवात कुठून करावी हे स्पष्ट आहे. कर्नाटकातील दावणगेरे आणि पाकिस्तानातील कराची येथे झालेल्या ‘पर्पज’ अभ्यासातही बहुतेक मृतजन्मांमागे गर्भाला प्राणवायू अपुरा पडणे हे कारण दिसले. तिथे पूर्ण शवविच्छेदनाऐवजी सुईने ऊतींचे नमुने घेण्यात आले. शवविच्छेदनाला नकार देणारी कुटुंबेही या पद्धतीचा विचार करू शकतात.

कारण कळून उपयोग काय?

गेलेले बाळ परत येत नाही. पण पुढचे वाचू शकते. अँटिफॉस्फोलिपिडचा दोष आढळला तर पुढच्या गरोदरपणात अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देता येते. मधुमेह निघाला तर गर्भधारणेपूर्वीच साखर आटोक्यात आणता येते. सिफिलिसवर पेनिसिलिन आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांत अँटी-डीचे इंजेक्शन द्यायला हवे. बाळ मृत जन्मले म्हणून ते टाळून चालत नाही.

दुसरा उपयोग घरातला आहे. कारण सांगितले गेले नाही की घर स्वतःच कारण शोधते : ग्रहण पाळले नाही, जड उचलले, सुनेचा पायगुणच वाईट. शास्त्रीय उत्तर नसल्याची शिक्षा बहुतेकदा आईलाच होते.

मग अडते कुठे?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार वार पिवळ्या पिशवीत जाते. ती तपासणीसाठी बाजूला ठेवा, असे त्या क्षणी कोणी सांगितले नाही, तर सर्वात उपयोगी पुरावा कचऱ्यात जातो. लहान रुग्णालयांत पॅथॉलॉजिस्ट नसतो. नातेवाईकांना दफनाची घाई असते आणि संमती मागायची कशी, हे शिकवलेले नसते. डॉक्टरांच्या मनात तक्रारीची आणि तोडफोडीची धास्ती असते. ती खोटी नाही. पण मौनाने संशय वाढतो आणि त्यातूनच संताप भडकतो.

पुढे काय व्हायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मृतजन्म व नवजात मृत्यूंच्या आढाव्यासाठी मार्गदर्शिका दिली. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही मृतजन्म सर्वेक्षणाच्या सूचना काढल्या. ब्रिटनमध्ये २०१८ पासून अशा मृत्यूंचा ठरावीक पद्धतीने आढावा घेतला जातो आणि पालकांचे प्रश्नही त्यात घेतले जातात.

त्यामुळे कागदाची उणीव नाही, सवयीची आहे. प्रत्येक प्रसूतिगृहात किमान संच सक्तीचा व्हावा : बाळाची बाह्य तपासणी, जपून ठेवलेली वार, आईच्या ठरावीक रक्ततपासण्या आणि प्रसूतीच्या नोंदींची प्रत. वार जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची सोय सरकारने करावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर स्त्रीच्या तपासण्या मोफत आहेत; मृतजन्मानंतरच्या तपासण्याही तितक्याच स्पष्टपणे त्यात लिहिल्या जाव्यात. आढाव्याचा हेतू दोषी शोधणे नसून त्रुटी शोधणे आहे, हे लेखी ठरावे. आणि सुमारे सहा आठवड्यांनी दाम्पत्याला बोलावून सगळे निष्कर्ष समजेल अशा मराठीत सांगावेत. ‘कारण सापडले नाही’ असा निष्कर्ष असेल, तर तोही सांगावा. शोध घेऊन न सापडणे आणि शोधच न घेणे, यातला फरक त्या आई-वडिलांना कळतो.