तेंदूपत्त्याचा हिशेब जमतो, मग ‘एक्स’ पाहून मुलं का अडतात?

मलाजखंड : उन्हाळ्यात बिरसा-बैहरच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की लहान पोरंही गड्ड्या बांधायला बसतात. ५० पानांची एक गड्डी, १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा, आणि मध्य प्रदेशात बोऱ्याचा दर ४ हजार रुपये. म्हणजे गड्डीला ४ रुपये. हिशेब ३६० रुपयांचा झाला तर गड्ड्या किती? चौथी-पाचवीतलं पोर थोडा विचार करून ९० सांगू शकतं. त्याच पोरासमोर सातवीत ‘४ एक्स = ३६०’ लिहिलं की ते गप्प बसतं. गणित तर एकच आहे. मग अडतं कुठं?

पहिली अडचण ‘एक्स’ची नाहीच, बरोबरच्या चिन्हाची आहे. पहिलीपासून मुलं ‘५ + ३ =’ असंच पाहतात. त्यामुळे ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा समज पक्का बसतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना ‘८ + ४ = □ + ५’ हे उदाहरण दिलं होतं. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं, ७ एकानंही नाही. तिकडं साधनांची कमी नव्हती, तरी हे हाल. खरं तर ‘=’ म्हणजे तराजूची दांडी. आठवडी बाजारातला भाजीवाला एका पारड्यातून काही काढतो तेव्हा दुसऱ्यातूनही काढतो, नाहीतर दांडी कलते. किराणा दुकानाचा ताळेबंदही याच नियमावर उभा असतो. पण शाळेत हे सांगायचं सोडून ‘बाजू बदलली की चिन्ह बदला’ एवढंच घोकवलं जातं. का बदलायचं, हे मुलं विचारत नाहीत आणि कुणी सांगतही नाही.

दुसरी गोष्ट आकृतिबंधाची, म्हणजे पॅटर्नची. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यातल्या पायाभूत अंकज्ञानात पॅटर्न आहेच. एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’चा पहिला धडाच पॅटर्नवर आहे, आणि अक्षरांची ओळख सातवीत येते. क्रम चांगला आहे. पण पॅटर्न म्हणजे रांगोळी आणि रंगवायची चित्रं, एवढ्यावर वर्ग थांबला तर त्याचा उपयोग नाही. पुढचा आकडा ओळखण्यापेक्षा नियम बोलून दाखवता येणं महत्त्वाचं.

त्यासाठी मलाजखंडला पुस्तकाबाहेर फार लांब जावं लागत नाही. हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरते. समजा एक पायरी १० मीटरची. तीन पायऱ्यांना ३०, सात पायऱ्यांना ७०, मग कितीही पायऱ्या असल्या तरी? ‘पायऱ्यांचा आकडा गुणिले दहा’ असं पोर आपल्या बोलीत म्हणालं, की बीजगणित आलं. अक्षर नंतर लिहिता येतं.

बोलीचा मुद्दा इथं हलका नाही. घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा मराठी, आणि शाळेत हिंदी. त्यावर बीजगणिताची स्वतःची भाषा चढते. हिंदीत ‘चर’ आणि ‘बीजीय व्यंजक’, तर गोंदियाच्या मराठी शाळेत ‘चल’ आणि ‘बैजिक राशी’. वडिलांच्या कामापायी शीव ओलांडणाऱ्या पोराला तेच गणित दुसऱ्या नावानं शिकावं लागतं. पलीकडं बालभारतीनं पाचवीतच ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ असा वेगळा धडा ठेवला आणि सहावीत समीकरणं आणली. त्यामुळे सहावीत इकडून तिकडं जाणाऱ्याला समीकरणं एकदमच भेटतात.

आपल्याकडं अज्ञात संख्येची भीती घालवायची जुनी तोडही आहे. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि पुढच्यांना रंगांची नावं आहेत : कालक, नीलक, पीतक. म्हणजे काळा, निळा, पिवळा. खडूच्या रंगीत डब्या घेऊन ‘निळ्या डबीत किती खडू?’ असं तिसरीच्या वर्गातही विचारता येतं. त्याला खर्च काहीच नाही. वेळ मात्र लागतो, आणि एकाच शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग असले की तोच मिळत नाही, हेही खरं.

मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीची परीक्षा बोर्डाच्या पद्धतीनं होते आहे. आठवीच्या पेपरात समीकरणं टाळता येत नाहीत. पुढं आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला गणित-विज्ञानासह दहावी लागते, आणि तिथं व्होल्ट, अँपिअर, ओहमचं सूत्र म्हणजे पुन्हा तेच ‘गड्ड्या गुणिले चार’. खाण आता जमिनीखाली चालली आहे, काम यंत्रांचं होत आहे. खाणीच्या शेजारच्या गावातली पोरं त्या यंत्रांवर बसतील की गेटबाहेर मजुरीला उभी राहतील, याचा काही भाग तिसरी-चौथीच्या वर्गात, त्या रिकाम्या चौकटीपाशी ठरतो आहे.