पुराव्यासाठी प्रेत

परवा शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने तंबोरा खाली ठेवता ठेवता विचारले, "सर, अमेरिकेतल्या रानात बिगफुट नावाचा केसाळ रानमाणूस हिंडतो म्हणतात. मग एखादा मारून का दाखवीत नाहीत? वाद तरी मिटेल!" मी हसलो, पण प्रश्न पोरकट नव्हता. तिकडची मोठी माणसेही गेली कित्येक वर्षे याच प्रश्नावर भांडत आहेत. 1967 साली कॅलिफोर्नियात या प्राण्याची म्हणून एक फिल्म घेतली गेली, तेव्हापासून एक पक्ष म्हणतो, प्रेत आणल्याशिवाय शास्त्र मानणार नाही, आणि शास्त्राने मानल्याशिवाय कायदा संरक्षण देणार नाही. सबब एकाला मारणे हेच बाकीच्यांवर उपकार. दुसरा पक्ष विचारतो, तो एकच शिल्लक असेल तर?

या प्राण्याच्या अस्तित्वावर माझा विश्वास नाही. तरीही या वादात मला आपल्या शेजारचा गोवा दिसतो.

माझे वडील दरबारचे गवई. 1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे देवळादेवळांतून गाऊन त्यांनी संसार केला. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. लहानपणी त्यांच्याबरोबर पेडण्याला आणि डिचोलीला गेल्याचे स्पष्ट आठवते. त्या मुलखात गावाच्या शिवेवर राखणदार असतो. रात्री काठी टेकीत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला वेताळाचे देऊळ आहे. रात्रभर फिरून वेताळाची पायताणे झिजतात, म्हणून गोव्यात त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. मोठ्या पावलांचा हा आपला रात्रीचा पाहुणा! पेडण्यात ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजोबांना मी विचारले, "राखणदार कुणी पाहिलाय का?" ते म्हणाले, "बाबू, पळोवपाक कित्याक जाय? तो राखता, तें पुरो." तेवढ्यावर सारा गाव त्या देवराईत कुऱ्हाड नेत नसे.

श्रद्धेने जे साधले ते आपल्या सरकारी शहाणपणाला साधले नाही, हे दुःखाने म्हणावे लागते. डिचोलीला लागूनच सत्तरी. तेथे 1999 साली म्हादई अभयारण्य झाले, सुमारे 208 चौरस किलोमीटरचे. गोव्यात वाघ आहे, असे रानातली माणसे सांगत होती. वाघ येथला नव्हे, कर्नाटकातून येतो नि जातो, असे उत्तर मिळे. 2009 साली सत्तरीतल्या केरी गावी फासात सापडलेल्या वाघाचे छायाचित्र बाहेर आले. तो वाघ मारला गेला होता. म्हणजे वाघ आहे हे सिद्ध झाले, पण कसे? मेल्यावर! 2013 साली वनखात्याच्या कॅमेऱ्यातही वाघ उमटला. इतके होऊनही जानेवारी 2020 मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रेताने संरक्षण मिळते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. पाच प्रेते झाली, तरी वाद संपला नाही.

शास्त्राला नमुना लागतो हे खरे, आणि ते मी नाकारीत नाही. परंतु नमुना म्हणजे प्रेतच असे शास्त्रही आता म्हणत नाही. 2005 साली अरुणाचलातल्या एका नव्या माकडाची जात भारतीय शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवली, ती जिवंत माकडाच्या छायाचित्रांवरून. 2017 साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. यती मारायला निघालेल्याच्या बंदुकीपुढे कोण आले असते, हे यावरून कळते. उलट 1844 साली आइसलँडजवळच्या बेटावर ग्रेट ऑक पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, ती संग्राहकांच्या मागणीपायी. नमुना राहिला, पक्षी गेला.

शिवाय अंधारात दोन पायांवर चालणारे जे काही असते ते बहुधा माणूसच असते. 2012 साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक इसम लोकांना बिगफुट दिसावा म्हणून केसाळ सोंग घेऊन रस्त्यावर उभा राहिला आणि मोटारींखाली सापडून मेला. तेथे बंदूक असती तर एकाचा जीव गेला असता आणि दुसरा खुनी ठरला असता. रानडुकराच्या भ्रमाने माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या कोकणात नव्या नाहीत. नेपाळातल्या अमेरिकी वकिलातीने 1959 साली आपल्या लोकांना तेथील नियम कळवले, त्यांत यतीचे छायाचित्र घ्या, जिवंत धरा, पण स्वसंरक्षणावाचून गोळी घालू नका असे होते. 1969 साली अमेरिकेतल्या स्कमेनिया परगण्यानेही बिगफुट मारणे गुन्हा ठरवले. मला त्यात शहाणपण दिसते. कायद्याने त्या प्राण्याइतकेच बेसावध माणसालाही वाचवले.

आमच्या क्षेत्रातले एक उदाहरण देतो. अल्लादियाखाँसाहेब या करवीर दरबारचे गवई. त्यांच्या गळ्याची तबकडी नाही. म्हणून ते गायलेच नाहीत असे कोणी म्हणेल काय? केसरबाई आणि मोगूबाई या गोव्याच्या दोन गायिकांच्या गळ्यातून त्यांची वाट दिसते. पाऊलखूण वाचायला आली की प्रत्यक्षाचा हट्ट सुटतो.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, ठसा, केस, विष्ठा, छायाचित्र यांवर संरक्षण मिळाले पाहिजे. प्रेताची वाट पाहणे सोडावे. आणि ज्याची गाय वाघाने नेली त्याला भरपाई त्याच महिन्यात मिळाली पाहिजे. नाही तर वाघाच्या पुजाऱ्याच्याही हाती विषाची पुडी येते, आणि मग दोष एकट्या त्याचा राहत नाही.

त्या मुलाला मी रविवारी नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात नेले. पेंढा भरलेल्या जनावरांपुढे तो बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "सर, यातला एकही आता रानात नाही ना?" मी म्हणालो, "नाही." मारून दाखवा, हे तो पुन्हा म्हणाला नाही.